दुपारचा गारवा

१

१९८१ च्या सप्टेंबरात कंपनीने मला तीन आठवड्यांसाठी अल खोरला पाठवलं. दोह्याच्या उत्तरेला समुद्रकाठचं लहानसं गाव. होड्या, मशीद, चार दुकानं, आणि मासळी ठेवायची एक कोल्ड रूम. त्या कोल्ड रूमचं मशीन दुरुस्त करायचं होतं आणि दाराला आतून उघडायची कडी बसवायची होती. मशीन बिघडतं, त्यात नवल नाही. पण एका कडीसाठी 'अर्जंट' शिक्का मारलेला कागद मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो. म्हटलं, साहेबलोकांची लहर. आपल्याला काय करायचंय?

मला तिथं सोडायला रंगनाथ आला होता. तो कंपनीचा ड्रायव्हर, आमच्या शेजारच्याच गावचा. आम्हा दोघांची घरी जायची तिकिटं एकाच दिवसाची होती, पाच ऑक्टोबरची. अडीच वर्षांनी घर दिसणार होतं. मी निघालो तेव्हा माझी छबी सहा महिन्यांची होती, आता ती बोलत होती. त्यामुळे गाडीत आम्ही दुसरं काही बोललोच नाही.

"तीन आठवडं काढ कसं तरी," रंगनाथ बॅग उतरवताना म्हणाला. "चार तारखेला न्यायला येतो. यल्ला, निघतो मी."

हॉटेल म्हणजे एका ओळीत सात खोल्या, वर पत्रा, पुढे खानावळ. गावात राहायला दुसरी जागा नव्हतीच. चालवणारा नसरुद्दीन दापोलीकडचा निघाला. मराठी ऐकून त्याने मला चार नंबरची खोली दिली, ती म्हणे सगळ्यांत चांगली. दोन लोखंडी कॉट, एक खुर्ची, आणि भिंतीत बसवलेला एक जुना एसी. दुसऱ्या कॉटखाली मी घरी न्यायची बॅग सरकवली. साबण, अत्तर, छबीचे फ्रॉक, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जाडजूड ब्लँकेट, वाघाच्या चित्राचं. त्या काळी गल्फहून ब्लँकेट नेलं नाही तर लोक विचारायचे, गेला होतास तरी का?

त्या एसीबद्दल सांगायला हवं. एसीत थर्मोस्टॅट नावाचा पुर्जा असतो. खोली पुरेशी गार झाली की तो मशीन थांबवतो, तापली की पुन्हा चालू करतो. पण हा एसी खोलीच्या मानाने लहान, भिंत उन्हाची, वर पत्रा, बाहेर बेचाळीस डिग्री. खोली पुरेशी गार होणार कधी आणि तो थांबणार कधी? सकाळी सुरू केला की दिवस मावळेपर्यंत तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरत राहायचा.

"आवाज करतो," नसरुद्दीन म्हणाला, "पण बंद नाय पडायचा."

बारा ते चार सगळं गाव बंद असे. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. मी त्या घरघरीत छान झोपायचो. मला मशीनच्या आवाजात झोप लागते, शांततेत लागत नाही.

२

पाचव्या दिवशी आबांची तिथी होती.

आबा म्हणजे माझे वडील. मी कतारला आलो आणि वर्षाच्या आत ते गेले. पासपोर्ट कंपनीकडे, रजा मिळाली नाही. थोरला मुलगा मी, आणि सगळं केलं धाकट्या निवृत्तीने. त्याचं पत्र मी पाकिटात घडी घालून अजून बाळगत होतो. दहाव्याला कावळा शिवेना, असं त्यात होतं. सगळ्यांनी हात जोडून काय काय कबूल केलं, शेतीचं, आईचं, माझ्या पोरीचं. दुपार टळली तरी कावळा फिरकला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, 'लोक म्हणतात, आबांचा जीव थोरल्यात अडकला.'

मी मशीनचा माणूस आहे. कावळ्याला भूक असेल तर तो येतो, नसेल तर नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो. पण ती ओळ मला दोन वर्षं टोचत होती, हे खरं.

मी नसरुद्दीनकडे बिनमासळीचं जेवण मागितलं. त्याने कारण ऐकलं आणि भात, वरण, बटाट्याची भाजी आणि वाटीभर शेवयांची खीर करून दिली. भर बारा वाजता मी खोलीचं दार लावून स्टीलच्या ताटात पान वाढलं. बाहेर ठेवावं तर मांजरं. कावळा तर त्या गावात मी पाहिलाच नव्हता. म्हणून ताट ठेवलं दुसऱ्या कॉटजवळच्या खुर्चीवर आणि समोर हात जोडून बसलो.

भटजी असते तर त्यांनी नाव आणि गोत्र म्हणायला लावलं असतं. गोत्र मला माहीत नव्हतं. आणि आबांचं नाव मी जन्मात कधी तोंडाने घेतलं नव्हतं, आमच्यात बापाचं नाव घेत नाहीत. आबा म्हणायचंही राहून गेलं. तेव्हा मी म्हणालो ते एवढंच:

"तुम्ही या. जेवा. तुमचा जीव कशात अडकलाय ते मला कळलंय. पाच तारखेला घरी जायाचं हाय. तुम्हाला हितं सोडायचा न्हाई. माझ्या घरात ऱ्हावा, माझ्या माणसांत."

एसी थांबला.

एकदम थांबला. खट्, आणि शांतता. मला वाटलं वीज गेली, पण वरचा बल्ब चालू होता. मी मान वर करून त्या यंत्राकडे बघत राहिलो, मग ताटाकडे पाहिलं. भाताच्या मुदीवर बोटं दाबल्याच्या खुणा होत्या. एका बाजूचा घास गेला होता.

मी भाताला हात लावला. तो दगडासारखा कडक आणि बर्फासारखा गार होता. दहा मिनिटांपूर्वी त्यातून वाफ निघत होती.

मला भीती वाटली नाही. खरं सांगतो, मी लहान पोरासारखा रडलो. आबा आले, असंच वाटलं मला. गावात आले नाहीत ते माझ्यासाठी, समुद्र ओलांडून माझ्याकडे आले.

३

आनंद दोन दिवस टिकला.

दुसऱ्या दिवशी बाराला एसी पुन्हा थांबला, तिसऱ्या दिवशीही. आता माणूस रडून झाला की त्याची अक्कल परत येते. मी हत्यारं काढली आणि एसी उघडला. थर्मोस्टॅट ठीक होता. तरी माझ्याजवळचा नवा बसवला. चौथ्या दिवशी बाराला नव्यानेही मशीन थांबवलं.

मग मी कामावरचा थर्मामीटर आणून भिंतीला टांगला आणि वही घेऊन बसलो. बाराच्या ठोक्याला एकोणतीस. मिनिटभरात एसी थांबला, तेव्हा एकवीस. त्यानंतर मशीन बंद, पत्रा उन्हाने तडतडतोय, आणि पारा उतरतोय. वीस. अठरा. सोळा. मशीन बंद असताना खोली गार होत होती. वीस वर्षांच्या धंद्यात हे कुठे बसत नव्हतं. मी वही मिटली.

थर्मामीटर खोटा असेल. भिंतीमागे पाण्याची टाकी असेल. मी बाहेर जाऊन बघून आलो. भिंतीमागे वाळू होती आणि ऊन होतं.

आत आलो तेव्हा माझं दुसऱ्या कॉटकडे नीट लक्ष गेलं. गादीवर कोणीतरी निजून उठल्यासारखा खोलगट भाग होता. चादर तेवढ्या जागेपुरती ओली होती आणि तिला मासळीच्या बर्फाचा वास येत होता. मी तो खळगा वितीने मोजला.

आबा आमच्या गावात सगळ्यांत उंच होते. खाटेवर मावत नसत म्हणून जन्मभर खाली घोंगडीवर पाय ताणून झोपले. हा खळगा लहान होता. एका बुटक्या माणसाने गुडघे पोटाशी घेऊन, हात काखेत घालून, अंगाचं मुटकुळं करून निजावं, तेवढा.

कॉटखाली माझी बॅग उघडी होती. ब्लँकेटच्या पिशवीची चेन कोणीतरी अर्ध्यापर्यंत ओढली होती.

४

दुसऱ्या दिवशी मी कोल्ड रूमच्या दाराला कडी बसवायला घेतली. तोवर ते काम मी मागे ठेवलं होतं.

दार जाड, आतून पांढरा रंग दिलेला. कडीसाठी खुणा करायच्या म्हणून आत जाऊन बॅटरी मारली. हाताच्या उंचीवर रंग थोडा खरवडलेला होता. त्याच्या खाली जास्त. त्याच्या खाली आणखी जास्त. आणि अगदी खाली, माणूस जमिनीवर बसला तर त्याचा हात पोचेल तिथं, रंग पुरा जाऊन पत्रा उघडा पडला होता.

कडी मी बसवली. कशी बसवली ते मला आठवत नाही. आत उभं राहून, दार लावून ती उघडते का हे बघायचं असतं. ते मी केलं नाही. कागदावर 'तपासलं' असं लिहून सही ठोकली. अशी खोटी सही मी कधी केली नव्हती.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा नसरुद्दीनला विचारलं, "त्या कोल्ड रूममदी काय झालं हुतं?"

तो रोट्या भाजत होता. त्याने मान वर केली नाही. "मला नको विचारू, जालिंदरभाय. माझी पोरंबाळं हायत."

"माणूस हुता?"

त्याने रोटी उलटली. "रमजानात. सुट्टीचा दिवस. दोन दिवसांनी दार उघडलंन."

"कुठला? कोण?"

"कोणाला म्हायत? कागद नव्हते, हजेरीत नाव नव्हतं. होडीवरून कधी आला, कोणी आणलान, कोणी बोलाना. नाव पण ठाऊक नाय कोणाला. मयताची नमाज पढलो आम्ही चार जण, खलास." मग रोटी तशीच तव्यावर ठेवून तो माझ्याकडे वळला. "तू त्या दिवशी पान वाढलंस. बापाचं नाव घेतलंस ना?"

माझ्या हातातला घास ताटात पडला. मी नाही म्हणालो.

"मग कोणाला बोलावलंस?" नसरुद्दीनने विचारलं.

तो तव्याकडे वळला तेव्हा रोटी काळी झाली होती.

५

मी खोली बदलली. चार नंबर सोडून ओळीच्या दुसऱ्या टोकाची सात नंबरची घेतली. तिथला एसी नवा, पण तेवढाच लहान होता आणि कॉट एकच होती. बॅग भिंतीला लावून ठेवली. आबांना आता रोज नावाने हाका मारायचो मी. आंघोळ करताना, कामावर, मोठ्याने नाव घ्यायचो. लाज सोडली होती. पण ज्याला बोलवायला हवं होतं त्याला आता बोलावून काय होणार?

पहिल्या दुपारी एसी चालला. एक वाजला, दोन वाजले. माझा जीव भांड्यात पडला आणि भिंतीकडे तोंड करून मी झोपलो.

जाग आली ती शांततेने. एसी बंद होता. माझ्या तोंडातून वाफ निघत होती, कतारमध्ये, सप्टेंबरात, दुपारी अडीच वाजता. मी हललो नाही. मागे प्लॅस्टिकचा आवाज येत होता. चर्र, जरा थांबून पुन्हा चर्र. थंडीने बोटं वळत नसलेल्या माणसाने चेन उघडावी, तसा.

मग ती उघडली. जाड कापड फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. मग दात वाजल्याचा. बारीक, न थांबणारा.

वळू नकोस, असं मी मनाला सांगत होतो. झोपेचं सोंग घे, चार वाजतील. पण पाठीमागे काय आहे हे न बघता पडून राहणं बघण्यापेक्षा वाईट होतं. मी मान वळवली.

फरशीवर ब्लँकेट होतं, वाघाचं तोंड वर. त्याखाली कोणीतरी मुटकुळं करून पडलं होतं. बाहेर दिसत होते फक्त दोन तळपाय. लहान, पांढरे, भेगांत बर्फाचे कण. मी बघतोय हे त्याला कळलं असावं. एक पाय हळूच आत ओढला गेला. मग दुसरा. आणि वाजणारे दात थांबले.

मी अनवाणी धावत खानावळीत गेलो. तापलेल्या वाळूने पाय पोळले, ते संध्याकाळी कळलं. नसरुद्दीन माझ्याबरोबर आला तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. ब्लँकेट फरशीवर पडलं होतं, भिजलेलं.

"फेकून दे ते," मी म्हणालो. "जाळ. मला दावू नकोस."

"बघतो मी त्याचं," तो म्हणाला आणि दोन बोटांनी ते उचलून घेऊन गेला.

६

त्या दिवसापासून मी एकच विचार केला. शब्द मी दिलाय. मी घरी जाईन तेव्हा तो येईल. माझ्या घरात, माझ्या माणसांत. छबी दुपारी कुठे झोपते, तेही मला माहीत होतं. माजघरात, दाराशी, वाऱ्याला.

मग मीच गेलो नाही तर?

रंगनाथ चार तारखेला न्यायला आला तेव्हा मी त्याला सांगितलं, रजा रद्द केली. साहेब तर खूशच झाला होता, त्याने मला अल खोरमध्येच दोन महिन्यांचं आणखी काम दिलं होतं.

"येडा झालास का?" रंगनाथ ओरडला. "अडीच वर्सांनी जायाचं आन् रजा रद्द? वहिनीला काय सांगू मी?"

"काम हाय म्हणून सांग."

"आन् पोरीला?"

घरी जाणाऱ्याबरोबर इतरांनी सामान पाठवायचं, हा आमच्यात रिवाजच. त्याने बॅग मागितली. मला कोल्ड रूमवरून बोलावणं आलं होतं. त्या दुपारपासून बॅग मी खानावळीतच ठेवली होती, मी म्हटलं नसरुद्दीनकडून घे. गाडीतून तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता.

पाच तारखेला बारा वाजता मी कॉटवर बसून होतो. ब्लँकेट नव्हतं, तरी पाय पोटाशी घेतले होते. बारा वाजून गेले. एसी चालू होता. एक. दोन. बाहेर ऊन रणरणत होतं आणि एसी घरघरत होता. चार वाजता बाहेर दुकानं उघडायला लागली, तेव्हाही तो घरघरतच होता.

दुसऱ्या दिवशीही थांबला नाही. आठवडा गेला. मी एसीच्या पत्र्याला हात लावून बसायचो. वाटायचं, सुटलो. घर गेलं, पोर आणखी दोन वर्षांनी दिसेल, पण सुटलो. तो इथंच राहिला, शब्द खोटा पडला म्हणून कंटाळून गेला. मी इतका गाढ झोपायला लागलो की नसरुद्दीन चेष्टा करायचा.

७

माझ्या बायकोचं, शशिकलाचं पत्र ऑक्टोबरच्या अखेरीस आलं. ती सातवी शिकलेली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. दुपारी जेवून, कॉटवर पडून मी ते फोडलं.

'...रंगनाथभावजींनी सामान पोचवलं. तुम्ही आला नाही म्हणून मी दोन दिवस जेवले नाही, मग म्हटलं असेल काम. फ्रॉक छबीला जरा मोठे होतात. साबण सासूबाईंनी उचलून ठेवले. ब्लँकेट फार छान आहे, वाघाचं. गावातल्या सगळ्या बायका बघून गेल्या...'

मी ती ओळ परत वाचली. मग पत्र हातात घेऊन खानावळीत गेलो. नसरुद्दीनने माझं तोंड बघितलं आणि त्याला कळलं.

"धुतलं होतं मी," तो म्हणाला. "तीन दिवस पत्र्यावर ऊन दाखवलं. नवं ब्लँकेट, जालिंदरभाय. घरच्यासाठी घेतलेलं. कोण फेकतो? मीच भरलं बॅगेत." मग हात पुसत तो म्हणाला, "मला वाटलं, जाऊदे, घरी जाईल बिचारं."

मी खोलीत परत आलो. पुढचं उभ्यानेच वाचलं.

'...पण ते सारखं ओलसर लागतं. इकडे ऑक्टोबरचं ऊन किती असतं तुम्हाला ठाऊक आहे, तरी माजघरात दुपारी अंगावर काटा येतो. आता एक सांगते, रागावू नका. आबा आलेत. निवृत्तीभावजी दोन वर्षं कावळ्याचं मनाला लावून बसले होते, आता सगळे खूश आहेत. सासूबाई रोज बाराला पान वाढतात आणि भातावर बोटं उमटतात. सगळा गाव येऊन बघून गेला. तुमच्यात अडकलेला जीव तुमच्या हातच्या वस्तूतून घरी आला, असं म्हणतात. छबीला आजोबांचा भारी लळा लागलाय. दुपारी ब्लँकेटवर झोपते ती अर्धी जागा सोडून. पाय पोटाशी घेऊन झोपायला शिकली आहे. अंग गार लागतं तिचं, पण ताप नाही. तिला एकच खोड लागलीय. झोपेतून उठते, दाराशी बसते आणि हाताने दार चाचपते. मला रोज विचारते, आई, आपल्या दाराला आतून कडी आहे ना?

तुम्ही कधी येता ते कळवा.'

कंपनीत जाऊन रजा मागितली तेव्हा साहेब हसला. तूच रद्द केलीस, आता जानेवारीत बघू, इन्शाल्ला. तार मी त्याच दिवशी केली: ब्लँकेट जाळा, पान वाढू नका. पण आबांना जेवायला घालू नका असं सांगणाऱ्या थोरल्या मुलाचं माझ्या घरात कोण ऐकणार? पंधरा दिवस झाले. उत्तर आलेलं नाही.

आता दुपार आहे. बाहेर काही हलत नाही. एसी सकाळपासून चालू आहे, क्षणभरही थांबलेला नाही. मी त्याच्याकडे बघत बसलोय आणि तो थांबावा म्हणून हात जोडतोय.